अंगठ्याचा ठसा

इब्राहिम मजगावकरांच्या उजव्या अंगठ्याला कंप सुटला तेव्हा त्यांनी दोष स्क्रू ड्रायव्हरला दिला. मॉडेल हेलिकॉप्टरच्या पंख्याखालची लिंक, म्हणजे बारीक जोडदांडी, तिच्या गोळीवर बसवताना सारखी निसटत होती. त्यांनी नवा स्क्रू ड्रायव्हर आणला. मग चष्म्याचा नंबर तपासून घेतला. शेवटी एका सकाळी त्यांच्या पत्नी जुबेदाबींनी त्यांच्या हातातला कप बशीवर खुळखुळताना ऐकला आणि डॉक्टरची वेळ घेतली.

मजगावकरांची ऐन उमेदीची वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेली होती. बोटीवरून कायमचे उतरून रत्नागिरीला घरी आले, तेव्हा त्यांनी सोबत दोन गोष्टी आणल्या: कमी ऐकू येणारा डावा कान आणि रेडिओवर चालणाऱ्या हेलिकॉप्टरांचं वेड. गावाबाहेरच्या सड्यावर, काळ्या कातळाच्या एका सपाट तुकड्यावर, त्यांनी उडवणाऱ्यांचा क्लब जमवला. ते स्पर्धांना जात आणि बक्षिसं घेऊन येत. त्यांचं हेलिकॉप्टर आकाशात उलटं होऊन कोलांट्या घेऊ लागलं की खाली रस्त्यावरच्या रिक्षा थांबत.

"विमान माफ करतं," असं ते नव्या शिकाऊ माणसाला पहिल्याच दिवशी सांगत. "नीट जुळवलेलं मॉडेल विमान असेल तर तू घाबरून स्टिक सोडलीस तरी ते काही वेळ आपलं आपण सरळ जाईल. हेलिकॉप्टरला सरळ राहायचंच नसतं. गुळगुळीत ताटात गोटी ठेवून ताट हातावर धरायचं, तसं ते आहे. गोटी मध्ये ठेवायची तर हात सतत हलत राहिला पाहिजे."

हा हलणारा हात म्हणजे प्रत्यक्षात हातातल्या रेडिओच्या दोन छोट्या दांड्यांवरचे, स्टिकवरचे, दोन अंगठे. डावा पात्यांचा कोन आणि शेपूट सांभाळतो, उजवा पुढे-मागे आणि डावी-उजवी. हेलिकॉप्टरचं नाक आपल्याकडे वळलं की डाव्याचं उजवं होतं, आणि तिथे बहुतेक शिकाऊ लोक आपलं पहिलं यंत्र मोडतात. आपला तोल आपणच सांभाळणारे ड्रोन आता पोस्टमनकडेही आले होते. पण हौशी माणसं अजून हातानेच उडवत, कारण त्यांची हौस हातातच होती.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितल्यावर मजगावकरांनी हेलिकॉप्टरं माळ्यावर ठेवून दिली. रविवारी ते सड्यावर जात, पण हात पँटच्या खिशात घालून उभे राहत.

त्या हिवाळ्यात त्यांची मुलगी तस्नीम पुण्याहून आली. ती एका खाजगी संशोधन संस्थेत काम करत होती. तिने बॅगेतून दोन काळे पट्टे आणि एक जाड काडीचा चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"अब्बा, आठवतं? मी शिकत होते तेव्हा तुमच्या हातांना तारा लावून तुम्हाला महिनाभर उडवायला लावलं होतं?"

"आठवतं. घामाने सुटायच्या त्या."

"ते सगळं मी जपून ठेवलंय. हे त्याचंच आहे."

मग तिने समजावून सांगितलं. अंगठा हलवणारे बरेच स्नायू अंगठ्यात नसतात, ते कोपराखाली असतात. मेंदूचा हुकूम मज्जातंतूंतून तिथे येतो आणि पट्ट्याला तो त्वचेवरून ऐकू येतो. त्या वेळी तिने एकाच वेळी दोन गोष्टी टिपल्या होत्या: अब्बांच्या डोळ्यांना काय दिसतंय आणि त्यांचे स्नायू त्यावर काय करताहेत. अशी शेकडो उड्डाणं संगणकाला शिकवल्यावर त्यातून एक ठसा तयार झाला. हेलिकॉप्टर असं कललं की या माणसाचा अंगठा असा हलणार, हे तो ठसा सांगू शकत होता. आता पट्टा तेच काम उलट्या दिशेने करत होता. चष्म्यातला कॅमेरा हेलिकॉप्टर पाहणार, ठसा काय करायचं ते ठरवणार आणि पट्टा विजेच्या हलक्या स्पर्शाने स्नायूंना हलवणार. मेंदूला विचार करायला जेवढा वेळ लागतो त्याच्या आतच अंगठा हललेला असतो. त्यामुळे घालणाऱ्याला वाटतं, हे मीच केलं. चष्मा उतरवला की पट्टा आंधळा होतो आणि गप्प बसतो.

"आणि कंप?" मजगावकरांनी विचारलं.

"कंपाची लय पट्ट्याला ओळखता येते. तो ती दाबून टाकतो."

त्यांनी पट्टे हातात घेऊन उलटसुलट केले. मग उठून माळ्याची शिडी लावली.

रविवारी सड्यावर वाळलेल्या गवतातून समुद्राचा वारा वाहत होता. क्लबातले जुने सोबती सुधीर भाटकर, एसटीतून निवृत्त झालेले, मुद्दाम आले होते. मजगावकरांनी पट्टे बांधले, चष्मा घातला आणि हेलिकॉप्टर उचललं. ते छातीच्या उंचीवर आलं आणि हवेत खिळा ठोकल्यासारखं थांबलं. अंगठे स्थिर होते. मजगावकरांच्या घशातून एक आवाज निघाला. तो हसण्याचा होता की दुसरा कसला, ते भाटकरांना कळलं नाही.

हेलिकॉप्टर वर गेलं, उलटं झालं, शेपटीवर उभं राहून गोल फिरलं आणि जमिनीलगत गवत चाटत गेलं. शेवटी ते उतरवायला मजगावकरांनी वळवलं. सावकाश, लांबून आणायचं असं त्यांच्या मनात होतं. अंगठ्यांनी मात्र ते एकदम पाडल्यासारखं खाली आणलं, त्यांच्या बुटांपासून हातभर अंतरावर झटक्यात सावरलं आणि टेकवलं.

"वा! तोच इब्राहिम!" भाटकर टाळ्या वाजवत म्हणाले. "पायाशी उतरवायची जुनी खोड."

मजगावकरांनी चष्मा काढला. "मी हे ठरवलं नव्हतं."

"तुम्ही असंच करायचा, अब्बा."

"करायचो. आज केलं नसतं."

रात्री जेवताना ते आपल्या अंगठ्यांकडे बघत होते. जुबेदाबींनी तांदळाची भाकरी त्यांच्या ताटात टाकली आणि विचारलं, "आवडलं नाही तुम्हाला?"

"आवडलं. फार आवडलं. पण माझ्या हातांत दुसरा माणूस बसलाय असं वाटतं. तो मीच आहे, पण जवान आहे. त्याला घाई आहे. लोक बघताहेत की नाही याच्याकडे त्याचं अर्धं लक्ष आहे."

"तो माणूस मला ठाऊक आहे," जुबेदाबी म्हणाल्या. "मोठ्या मुश्किलीने निवलाय. त्याला परत आणू नका."

तस्नीम हसली. मग तिने जे सांगायला ती आली होती ते सांगितलं. संस्थेला हा ठसा बाजारात आणायचा होता. पट्टा घ्यायचा, मजगावकरांचा ठसा भरायचा आणि पहिल्याच दिवशी हेलिकॉप्टर उडवायचं. देशभरातल्या मॉडेल-फ्लाइंग स्कूल वाट पाहत होत्या. हे जमलं की पुढे शल्यविशारदांचे ठसे, तबलजींचे ठसे. त्या विभागाची प्रमुख तस्नीम होणार होती. ठसा अब्बांचा, म्हणून त्यांची संमती हवी होती.

मजगावकरांचा चेहरा उजळला. आपले हात हजारो लोकांत जाणार, ही कल्पना कोणाला आवडणार नाही? त्यांनी विचारलं, "तू घालून पाहिलास?"

"पाहिला ना. पुण्याला. पहिल्याच दिवशी नाक माझ्याकडे करून स्थिर उभं केलं."

त्यांचा हात ताटावर थांबला. तस्नीम शाळेत असताना त्यांनी तिला दोन सुट्ट्या शिकवायचा प्रयत्न केला होता आणि तिला ते कधीच जमलं नव्हतं. "मला जे शिकवता आलं नाही ते या पट्ट्याने एका दिवसात शिकवलं म्हणायचं."

"तुम्ही शिकवलंच कुठे, अब्बा?" ती सहज म्हणाली, पण म्हटल्यावर थांबली नाही. "दोन रेडिओ वायरने जोडलेले असायचे. तुमच्या रेडिओवर तो स्विच. तो दाबला की माझ्या स्टिक मेल्या. हेलिकॉप्टर जरा कललं की तुम्ही दाबायचा. मी त्या दोन सुट्ट्यांत बहुतेक वेळ मेलेल्या स्टिक हलवत उभी होते."

"पडलं असतं ते."

"पडलं असतं तर कळलं असतं, का पडलं."

जुबेदाबींनी आमटीचं भांडं उचललं आणि त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या. मजगावकरांनी उरलेली भाकरी संपवली. मग म्हणाले, "पुढच्या रविवारी तू उडव. मला बघायचंय."

त्या रविवारी जुबेदाबीही सड्यावर आल्या. कित्येक वर्षांत त्या आल्या नव्हत्या. भाटकरांनी त्यांच्यासाठी घडीची खुर्ची आणली आणि मागे, सुरक्षित अंतरावर ठेवली. कारण हे खेळणं नव्हे. पूर्ण वेगात फिरणारं कार्बनचं पातं हाड कापू शकतं, हे क्लबात सगळे जाणून होते.

तस्नीमने हेलिकॉप्टर उचललं. मजगावकर तिच्या खांद्याशी उभे होते आणि वर आकाशात स्वतःला पाहत होते. तीच वळणं, तोच उलटं होण्याआधीचा क्षणभराचा थांबा. त्यांनी मुलीच्या तोंडाकडे पाहिलं. ती खूश होती, पण कोणीतरी दाखवत असलेली गोष्ट बघणाऱ्या माणसासारखी.

यंत्र उंच गेलेलं असताना मोटर बंद पडली. घोंघावणारा आवाज थांबला आणि पात्यांची नुसती सळसळ राहिली.

"मोटर गेली," मजगावकर म्हणाले. "घाबरू नकोस."

मोटर गेली म्हणजे सगळं गेलं असं नसतं. पात्यांचा कोन ताबडतोब खाली घ्यायचा. मग यंत्र पडतं, आणि पडताना खालून येणारी हवाच पाती फिरती ठेवते, वाऱ्यावरच्या भिरभिऱ्यासारखी. जमिनीजवळ आल्यावर तो साठलेला वेग एकदाच खर्च करायचा: कोन वर, आणि यंत्र अलगद टेकतं. संधी एकच. तस्नीमच्या अंगठ्यांनी कोन खाली घेतला होता. तिला कळायच्या आधीच घेतला होता. हेलिकॉप्टर तिरकं, वेगाने त्यांच्याच दिशेने येऊ लागलं.

पायाशी उतरवायला.

आणि जुबेदाबी पुढे गेल्या होत्या. मुलगी उडवतेय याचा व्हिडिओ घ्यायला त्या खुर्ची सोडून, सगळ्यांना वळसा घालून, समोरच्या सपाट कातळावर जाऊन उभ्या होत्या. फोन तस्नीमकडे रोखलेला, पाठ येणाऱ्या हेलिकॉप्टरकडे. मोटरचा आवाज नव्हता. वारा त्यांच्याकडून इकडे वाहत होता.

भाटकर ओरडले. जुबेदाबींना ऐकू गेलं नाही.

तस्नीमने उजवा अंगठा डावीकडे लोटला. अंगठा परत आला. तिने पुन्हा जोर लावला. पट्ट्याने तो पुन्हा जागेवर आणला. शिकाऊ माणूस घाबरला की चुकीची हालचाल करतो. म्हणून घालणाऱ्याचा हात आणि ठसा यांत वाद झाला तर ठशाचं ऐकावं, असा नियम पट्ट्यात होता. तो नियम तस्नीमनेच लिहिला होता.

"अब्बा, ऐकत नाही हा! अब्बा, घ्या!"

तिने रेडिओ त्यांच्याकडे सरकवला. मजगावकरांचे दोन्ही हात खिशातून बाहेर आले, थरथरत. ते हात रेडिओकडे गेले नाहीत. त्यांनी तिच्या डोळ्यांवरचा चष्मा ओढून काढला.

पट्टा गप्प झाला. तस्नीमला आपले अंगठे एकदम जड वाटले.

"तुझंच आहे आता," ते म्हणाले. "डावीकडे. पाड."

तिने स्टिक डावीकडे लोटून धरली. हेलिकॉप्टर कुशीवर वळलं, जुबेदाबींच्या पदराला वाऱ्याचा झोत देऊन पुढे गेलं आणि कातळावर आपटलं. पात्याचा एक तुकडा शिट्टीसारखा आवाज करत करवंदीच्या जाळीत घुसला. जुबेदाबी वळल्या. त्यांनी तुकड्यांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, मग त्या होत्या तिथेच खाली बसल्या. फोन अजून चालूच होता.

घरी परतल्यावर तस्नीम आईला बिलगून बसली. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि तिलाच समजावत होती की मला काही झालं नाही, वारा लागला नुसता.

संध्याकाळी पुण्याहून डॉक्टर उपासनींचा फोन आला. ते संस्थेचे संचालक. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "तुझ्या आई बऱ्या आहेत ना? देवाची कृपा. हे बघ, उपाय सोपा आहे. त्या काळी समोर माणसं नसायची, म्हणून ठशाला माणसं माहीत नाहीत. आपण माणसं ओळखणारा कॅमेरा बसवू. तारीख पुढे ढकलायची गरज नाही."

फोन ठेवून तिने हे अब्बांना सांगितलं.

"माणसं असायची," मजगावकर म्हणाले. "भाटकर असायचा, पोरं असायची. मीच बघत नव्हतो. तुझ्या तारांनी ते बरोबर टिपलंय."

"मग तुम्ही नाही म्हणणार?"

ते खिडकीशी गेले. "मी नाही म्हटलं तर तुझं काम थांबेल?"

"थांबेल."

"मग मी काही म्हणणार नाही. हो पण नाही आणि नाही पण नाही. तू ठरव, आणि तू ठरवशील ते माझं म्हणून सांग."

तिला राग आला. तिला वाटलं होतं, अब्बा नेहमीसारखे ठामपणे एक काहीतरी सांगतील आणि मग आपल्याला त्यांच्याशी भांडता येईल. ती दोन दिवस घरात चिडून फिरली. तिने पट्ट्याच्या नोंदी पुन्हा पुन्हा तपासल्या. त्यात आणखी एक गोष्ट निघाली. पुण्यात ती कित्येक आठवडे पट्टा घालून उडवत होती, पण पट्टा बंद ठेवून केलेल्या चाचणीत तिच्या स्वतःच्या अंगठ्यांत काहीच सुधारणा नव्हती. जे पहिल्या दिवशी येत नव्हतं ते अजूनही येत नव्हतं. हलवला गेलेला स्नायू शिकत नाही; चुकून सावरणारा शिकतो. हे आकडे तिच्यासमोर आधीही होते. तिने ते पाहिले होते, आणि पुढचं पान उघडलं होतं.

तिसऱ्या दिवशी तिने उपासनींना सांगितलं की वाद झाला तर पट्ट्याने घालणाऱ्या हाताचं ऐकलं पाहिजे, नाहीतर मजगावकरांचा ठसा मिळणार नाही.

"हाताचं ऐकलं तर लोक यंत्रं पाडतील, तस्नीम. मग पट्टा कोण घेईल?"

"तेच. पाडतील तेव्हाच शिकतील," ती म्हणाली.

उपासनी वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिला विचार करायला आणखी वेळ दिला, मग विभाग दुसऱ्या कोणाकडे दिला. बंगळुरूच्या एका विजेत्या उडवणाऱ्याचा ठसा घेतला गेला, त्यात माणसं ओळखणारा कॅमेरा बसवला गेला आणि पुढच्या वर्षी पट्टे बाजारात आले. ते फार चालले. तस्नीमकडे उरला तो कंप दाबणारा भाग, ज्यात कोणाला विशेष रस नव्हता. ती त्यावरच काम करत राहिली आणि महिन्यातून एकदा रत्नागिरीला येऊ लागली.

त्या मुक्कामांत मोडक्या हेलिकॉप्टरचं नवं हेलिकॉप्टर होत गेलं. मजगावकर खुर्चीत बसून सांगत आणि ती करी. सर्व्होचा, म्हणजे पात्यांचा कोन बदलणाऱ्या छोट्या मोटरचा, दांडा मध्यावर असताना बरोबर काटकोनात हवा. स्टिक मधोमध असताना पात्यांचा कोन शून्य. दोन्ही पाती एकाच पातळीत फिरली पाहिजेत, नाहीतर यंत्राला थंडी भरते. पहिल्या दोन वेळा तिने एक लिंक उलटी बसवली. मजगावकरांना ते दिसलं. त्यांनी जुबेदाबींना चहा करायला सांगितला आणि तो पीत गप्प बसले. सड्यावर हेलिकॉप्टर उठायला गेलं आणि कुशीवर लोळलं, तेव्हा तिची तिलाच लिंक सापडली.

पात्यांच्या बऱ्याच जोड्या गेल्या. भाटकर म्हणाले, "इब्राहिम, तू आजारी पडल्यापासून फार सोशिक झालास."

"हात पुढे करायची सोय नाही ना," मजगावकर म्हणाले. मग जरा थांबून, "सोय झाली तरी आता करणार नाही."

ती सोय पुढच्या हिवाळ्यात झाली. तस्नीमने नवा पट्टा आणला. तो फक्त कंप शोषून घेत होता, बाकी काही जाणत नव्हता. मजगावकरांनी तो बांधून फोमचं एक हलकं विमान उडवलं, सावकाश, मोठ्या गोल फेऱ्यांत. अंगठे त्यांचेच होते, वयाने मंदावलेले. एक वळण चुकलं आणि विमान गवतात नाक खुपसून बसलं. ते उचलायला स्वतः चालत गेले आणि येताना गाणं गुणगुणत आले.

तोवर सड्यावर नवी माणसं येऊ लागली होती. त्या रविवारी इंजिनिअरिंग कॉलेजच्या काही मुली आणि मुलगे आपापले बंगळुरूचे पट्टे बांधून रांगेत उभे होते. आकाशात चार हेलिकॉप्टरं सुंदर कोलांट्या घेत होती, आणि चारही उलटं होण्याआधी उजवीकडे सारखीच झुकत होती. त्यांतल्या एका मुलीने तस्नीमचे उघडे हात पाहून विचारलं, "मॅडम, तुमचा पट्टा?"

"मी शिकतेय," तस्नीम म्हणाली.

ती मैदानाच्या टोकाला, जरा बाजूला गेली. तिने हेलिकॉप्टर कमरेएवढं उचललं आणि हळूहळू त्याचं नाक स्वतःकडे वळवलं. यंत्र डावीकडे घसरलं. तिने चुकीच्या बाजूला स्टिक लोटली, लगेच उलट लोटली, यंत्र झोकांडी खाऊन सावरलं. तिच्या कपाळावर घाम आला. मग ते थांबलं. पूर्ण स्थिर नाही. पाण्यावरच्या होडीसारखं जागच्या जागी डुलत. प्रत्येक डुलण्याला तिचा अंगठा उत्तर देत होता, कधी उशिरा, कधी जास्त, पण देत होता. वाऱ्याची झुळूक आली. तीही तिने सांभाळली.

हेलिकॉप्टर टेकवून तिने मागे वळून पाहिलं. अब्बा लांब सावलीत, तिच्याकडे पाठ करून, भाटकरांना कसली तरी बोटीवरची गोष्ट रंगवून सांगत होते. अम्मी खुर्चीत मटार सोलत होती. कोणाचं लक्ष नव्हतं. तिने हाक मारायला तोंड उघडलं, मग मिटलं, आणि बॅटरी बदलायला खाली बसली.